मायटोकॉन्ड्रिया आईचे, मग आजारही आईचाच का?

प्रश्न : बाई, माझ्या भाचीचं बाळ मार्चमध्ये गेलं. अडीच महिन्यांचं होतं. कावीळ हटेना, मग यकृतच निकामी झालं. रिपोर्टवर ‘एमटीडीएनए डिप्लीशन’ लिहिलंय, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फार घटलेला. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात हे कुठेतरी वाचून तिच्या सासूबाई म्हणतात, दोष हिच्याच अंगातला. माझा मुलगा एम.एस्सी. करतो. तो उंदराच्या टीफॅम नावाच्या जनुकाचं सांगत होता, पण घरात कुणाला उमगलं नाही. त्या उंदराचा आमच्या बाळाशी काय संबंध?
— एक मामा, लालबाग

उत्तर : संबंध आहे, आणि तुमच्या मुलाने नेमकं बोट ठेवलंय. त्याला माझ्या वतीने शाबासकी द्या.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतले ऊर्जा बनवणारे छोटे कण. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनएचं एक छोटं कडं असतं. त्यात 16,569 अक्षरं आणि 37 जनुकं, त्यातली प्रथिनं बनवणारी फक्त 13. उंदराचं कडंही जवळपास असंच. पण हे कडं वाचायला, म्हणजे त्यावरून आरएनए उतरवून घ्यायला जी प्रथिनं लागतात, त्यातल्या एकाचंही जनुक त्या कड्यात नाही. ती जनुकं सगळी पेशीच्या केंद्रकात. टीफॅम त्यातलंच एक, माणसात 10व्या गुणसूत्रावर. केंद्रकातल्या अशा जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. सासूबाईंना सांगायचं ते हेच.

आता उंदीर. टीफॅमचं प्रथिन कड्याला चिकटतं, त्याला जवळजवळ यू आकारात वाकवतं आणि वाचन सुरू करून देतं. हेच प्रथिन शेकड्यांनी चिकटून ते कडं गुंडाळूनही ठेवतं. शिवाय कड्याची नवी प्रत काढायला आधी आरएनएचा एक लहान तुकडा लागतो, तो या वाचनातूनच मिळतो. विणकामात पहिले टाके घातल्याशिवाय पुढची ओळ येत नाही, तसं. म्हणून वाचन थांबलं की प्रती निघणंही थांबतं आणि डीएनए घटत जातो.

1998 मध्ये स्वीडनमधल्या निल्स-गोरान लार्सन यांच्या गटाने उंदरातलं हे जनुक काढून टाकलं. ज्या पिल्लांत एकही प्रत नव्हती त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए जवळपास उरलाच नाही आणि ती साडेदहाव्या दिवसाआधी गर्भातच गेली. उंदराचा गर्भकाळ असतोच 20 दिवसांच्या आसपास. ज्यांच्यात एक प्रत शाबूत होती, त्यांचा डीएनए साधारण एक तृतीयांशाने कमी झाला, पण ते जगले, त्यांना पिल्लंही झाली. पुढच्याच वर्षी याच गटाने हृदयाच्या स्नायूतून जनुक काढलं, तेव्हा जन्मलेली पिल्लं दोन ते चार आठवड्यांत हृदय फुगून दगावली. जिथे ऊर्जा जास्त लागते तिथे हा घाटा आधी दिसतो. तान्ह्या बाळाचं यकृतही तसंच.

एकच प्रत बिघडलेली असून जगणारा तो उंदीर डोळ्यांपुढे ठेवा. तुमची भाची आणि जावई बहुधा त्याच्यासारखे असतील : दोघं धडधाकट, दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत, आणि बाळाला नेमक्या दोन्ही बिघडलेल्या आल्या. 2016 मध्ये अशाच नवजात भावंडांची नोंद झाली. यकृत निकामी, आणि टीफॅमच्या दोन्ही प्रती सदोष. तुमच्या बाळात टीफॅमच असेल असं मात्र धरू नका, ते फार विरळा. यकृताच्या या आजारात पोलजी, डीजीयूओके, एमपीव्ही17 ही जनुकं अधिक वेळा सापडतात. तीही सगळी केंद्रकातलीच.

मी 31 वर्षं कॉलेजात शिकवलं. ‘मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून’ हे वाक्य फळ्यावर लिहून मी पुढच्या धड्याकडे वळायची. ते वाक्य एखाद्या घरात बाळंतिणीवर असं येऊन पडेल हे तेव्हा मनात आलं नाही. त्याच तासाला टीफॅमही सांगायला हवं होतं.

आणि समजा बिघाड खरोखर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतच निघाला असता, तरी कोणत्या आईने तो निवडून दिला असता?

आता करायचं ते. बाळाचा डीएनए प्रयोगशाळेत जपून ठेवला आहे का, ते उद्याच फोन करून विचारा. तो मिळाला तर जनुक शोधणं सोपं जातं. परळच्या मोठ्या रुग्णालयांत जनुकतज्ज्ञ बसतात. तिथे भाची आणि जावई दोघांनी जावं, एकटीला पाठवू नका. बिघाड दोघांत सापडला, तर पुढच्या प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता चारात एक असते, आणि साधारण 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन ते तपासता येतं. सासूबाईंनाही सोबत न्या. रिपोर्ट वाचताना त्यांनाही तज्ज्ञांच्या तोंडून एकदा ऐकू दे.