समावेशक व्यवसाय: सुरुवात कुठून करावी?

आधी व्याख्या पक्की करा. कमी उत्पन्नाची माणसं कंपनीच्या मूळ धंद्यातच पुरवठादार, वितरक, किरकोळ विक्रेते किंवा ग्राहक म्हणून असावीत आणि धंदा स्वतःच्या कमाईवर चालावा. २०१५ चा जी-२० आराखडा हेच सांगतो. नफ्यातला दानधर्म चांगलाच, पण तो यात धरू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- लहान उत्पादकाला ६० दिवसांनी पैसे देणं. घरात रोजचा खर्च असतो. तो रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडेच माल नेणार, भाव कमी मिळाला तरी. आधी हे सोडवा.
- महाग वस्तूची छोटी पुडी काढून समाधान मानणं.
- प्रचारात गरिबीचे फोटो. त्याऐवजी कोणाचं उत्पन्न किती वाढलं ते सांगा.

परिणाम मोजण्याच्या पद्धती नंतर बघू. आधी दहा पुरवठादारांशी निवांत बोलून या, जमेल तुम्हाला!