शनिवार-रविवारी प्रयोग, मग उरलेले पाच दिवस काय?

सांगलीच्या एका आईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयाच्या एकांकिकेत ती दोन वर्षे मुख्य भूमिका करते आहे, यंदा तिला अभिनयाचे पारितोषिकही मिळाले, आणि पदवी अर्धवट सोडून मुंबईला जायचे, व्यावसायिक नाटकातच काम करायचे, असे तिने घरात सांगून टाकले आहे. वडिलांचा विरोध आहे. आई लिहितात, "तिला अडवायचे नाही, पण नाटकातल्या माणसाचा दिवस कसा जातो हेच आम्हाला ठाऊक नाही. प्रयोग तर शनिवार-रविवारी असतात, मग उरलेले पाच दिवस काय? आणि रात्री-अपरात्रीचा प्रवास तिला झेपेल का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पारितोषिक मिळालेल्या मुलामुलींचे पालक बहुधा "यात पुढे नाव होईल का" एवढेच विचारतात. तुम्ही दिवस कसा जातो ते विचारलेत, याचे मला फार समाधान वाटले, कारण तुमच्या मुलीचा निर्णय त्यावरच ठरायला हवा.

माझी एक विद्यार्थिनी आज व्यावसायिक रंगभूमीवर काम करते. तिच्या नाटकाच्या पुणे दौऱ्यात मी दोन दिवस बरोबर होतो. शनिवारी सकाळी दादरहून नाटकाची बस निघाली; मागच्या भागात नेपथ्य आणि कपड्यांच्या पेट्या, पुढे नटमंडळी. संध्याकाळी साडेपाचला बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात आणि संध्याकाळी चिंचवडला तिसरा. शेवटचा पडदा पडल्यावर नेपथ्य उतरवून बसमध्ये भरेपर्यंत सगळे थांबले, मग जेवण झाले, आणि मुंबईत घरी पोहोचायला रात्रीचे दोन वाजून गेले. हा तिचा नेहमीचा आठवडाअखेर आहे. मुंबई-ठाण्यात प्रयोग असले तर प्रवास कमी होतो, पण दुपारी चार आणि रात्री साडेआठ असे दोन प्रयोग एकाच दिवशी असले की सकाळी अकरा ते रात्री बारा हा वेळ नाटकाचाच.

कोथरूडला नेपथ्य लागल्यावर ती अनवाणी रंगमंचावर आली आणि दारापासून खुर्चीपर्यंत चालत पावले मोजू लागली. आदल्या संध्याकाळी सात पावले होती, इथे नऊ भरत होती. तिचे एक वाक्य चालता चालता संपते आणि संपताक्षणी तिला वळायचे असते. दोन पावले वाढली की वाक्य आधीच संपते. तिने ते चार-पाच वेळा करून पाहिले आणि मगच रंगपटात गेली. तिथे मेकअपला बसण्यापूर्वी तिने पर्समधून एक कागद काढून प्रॉपर्टीच्या, म्हणजे प्रयोगात हाताळायच्या वस्तूंच्या, टेबलावर ठेवला. नाटकात ती मुलाचे पत्र वाचून फाडते, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला नवे पत्र लागते. कोरा कागद चालला असता, प्रेक्षकांना अक्षर थोडेच दिसते! पण ती आदल्या दिवशी ते संपूर्ण पत्र स्वतःच्या हाताने लिहून काढते. त्या दुपारचे पत्र सत्त्याऐंशीवे होते.

तुमच्या मुलीने नीट समजून घ्यावे असे मला वाटते ते हेच. स्पर्धेच्या एकांकिकेची तालीम महिना-दीड महिना चालते आणि प्रयोग होतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातला आनंद नवे काही घडवण्याचा असतो. व्यावसायिक नाटकात शुभारंभाचा प्रयोग झाला की खरी नोकरी सुरू होते. तेच वाक्य, तीच एन्ट्री, तेच रडणे, आणि समोर तिकीट काढून पहिल्यांदाच आलेला प्रेक्षक, ज्याला तुमच्या शंभराव्या प्रयोगाशी काही देणेघेणे नसते. प्रशांत दामले यांनी 6 नोव्हेंबर 2022 रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला 12,500वा प्रयोग केला. त्या आकड्याचे आपण कौतुक करतो, पण तितक्या वेळा तिसऱ्या घंटेला तयार उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार तुमच्या मुलीने एकदा शांतपणे करावा. काही गुणी मुलांना पुन्हा पुन्हा तेच करण्याचा पंधराव्या प्रयोगालाच कंटाळा येतो. तो त्यांचा दोष नव्हे. त्यांनी लेखन, दिग्दर्शन किंवा कॅमेऱ्यासमोरचे काम पाहावे.

आता उरलेले पाच दिवस. सोमवारी माझी ही विद्यार्थिनी उशिरापर्यंत झोपते आणि शक्य तितके कमी बोलते, कारण घसा हेच तिचे भांडवल आहे. मंगळवारपासून मालिकेचे चित्रीकरण असते, नाही तर ऑडिशन आणि डबिंग. नवे नाटक हाती असेल तर रोज तालीम. हे सगळे करावेच लागते, कारण नाटकात पगार नसतो; प्रत्येक प्रयोगाचे ठरलेले मानधन असते, ज्याला नाटकवाले 'नाईट' म्हणतात. प्रयोग नाही, तर नाईट नाही. परीक्षांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात प्रयोग कमी होतात, दिवाळीत आणि मे महिन्यात वाढतात, आणि बुकिंग मंदावले की चांगले नाटकही थांबते. म्हणून पूर्वीच्या पिढीतले अनेक नट बँकेत, विमा कंपनीत नोकरी सांभाळून नाटक करत असत.

आजारपणाचेही सांगतो. आपल्याकडे बदली नट बहुतेक वेळा तयार नसतो. अंगात ताप असला तरी उभे राहावे लागते, कारण एकीने प्रयोग रद्द केला तर सहकलाकारांबरोबर रंगमंच कामगारांचीही नाईट बुडते, आणि त्यांचे घर त्यावरच चालते. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी ठरतात. त्या दिवशी सख्ख्या भावाचे लग्न असले तरी प्रयोग होतो. हे घरच्यांनाही स्वीकारावे लागते. तुमची तयारी आहे का, हे दोघांनी बसून ठरवा.

प्रवासाची काळजी स्वाभाविक आहे. चांगल्या नाट्यसंस्थेत बसमध्ये सगळी मंडळी बरोबर असतात आणि राहण्याची सोय व्यवस्थापक पाहतो. खरी अडचण येते ती बसमधून उतरल्यावर, रात्री दोन वाजता घर गाठताना. मुंबईत ती कुठे राहील, कोणाबरोबर राहील, हे काम शोधण्याच्या आधी ठरले पाहिजे.

पदवी मात्र तिने पूर्ण करावी, असे माझे ठाम मत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही लागते. शिवाय मंदीच्या महिन्यांत हिशेबाचे काम येणाऱ्या मुलीला कोणतीही पडेल ती भूमिका घ्यावी लागत नाही. दरम्यान तिने राज्य नाट्य स्पर्धेतल्या एखाद्या पूर्ण लांबीच्या नाटकात काम करावे. दोन अंक अंगावर पेलणे ही वेगळी परीक्षा आहे.

आणि तुम्ही तर 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे पहिले मानले जाणारे मराठी नाटक केले त्या गावात राहता. भावे नाट्यमंदिरात दौऱ्यावरचे पुढचे नाटक येईल तेव्हा स्थानिक आयोजकांमार्फत व्यवस्थापकांची परवानगी घ्या आणि मुलीला प्रेक्षागृहात न बसवता विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूला पडद्याआड, एका कोपऱ्यात बसू द्या. बसमधून नेपथ्य उतरते तेव्हा तिने तिथे असावे आणि ते परत चढेपर्यंत थांबावे. जमले तर तेच नाटक दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला किंवा मिरजेला असेल, तिथेही जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तेच नाटक विंगेतून पाहताना तिला काय वाटले, ते तिने स्वतः मला लिहावे. पुढचे मार्गदर्शन मी त्या पत्रावरून करीन.