विहीणबाईंना डोंगरात न्यायचे, पण कोणत्या गावी?

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझा मुलगा अमेरिकेत अटलांटा येथे नोकरीस असून माझी सून तेथीलच कृष्णवर्णीय अमेरिकन आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी प्रथमच त्यांच्याकडे जात आहोत. सर्वांनी मिळून चार दिवस डोंगरात जावे असे मुलाच्या मनात आहे आणि उत्तर जॉर्जियातील जंगलात, वस्तीपासून दूर असलेले एक लाकडी घर त्याने पसंतही केले आहे. आमच्या विहीणबाई सत्तरीच्या आहेत, जॉर्जियातच जन्मल्या आणि वाढल्या. व्हिडिओ कॉलवर हा विषय निघाला तेव्हा त्या गप्प झाल्या आणि नंतर "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते," एवढेच म्हणाल्या. मुलाच्या मते त्या उगाच घाबरतात. सून यावर काहीच बोलत नाही. त्यांची भीती रास्त आहे का? त्यांना आग्रह करावा का, आणि करायचा तर कोणत्या गावासाठी? दुसरे असे की, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या निमित्ताने सून आणि विहीणबाई सोलापूरला येणार आहेत. त्यांना महाबळेश्वरला न्यावे असे आम्हांला वाटते. तेथे कोणती काळजी घ्यावी? लग्नाच्या वेळी आमच्याच नात्यातील काही जण जे बोलले, ते मला अजून खुपते, म्हणून विचारते.
— एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : विहीणबाईंची भीती रास्त आहे. अटलांटाहून उत्तरेकडील डोंगरात जाणारा 'जॉर्जिया ४००' हा हमरस्ता फोर्सिथ काउंटीतून, म्हणजे तेथील एका जिल्ह्यातून, जातो. सप्टेंबर १९१२ मध्ये तेथे एका गोऱ्या तरुणीवरील हल्ल्याचा आळ कृष्णवर्णीय तरुणांवर आला. एकाला जमावाने ठार मारले, दोन किशोरवयीन मुलांना फाशी देण्यात आली, आणि त्यानंतर रात्री-अपरात्री येणाऱ्या टोळ्यांनी हजाराहून अधिक कृष्णवर्णीय रहिवाशांना घरदार व शेतीवाडी सोडून परागंदा व्हायला लावले. पुढे कित्येक दशके त्या काउंटीत कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ वस्तीला नव्हता. जानेवारी १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीतील नेते होसिया विल्यम्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेलेल्या छोट्या मोर्चावर दगड आणि बाटल्या फेकल्या गेल्या, तेव्हा आठवड्याभरात सुमारे २०,००० माणसे त्याच काउंटीत पुन्हा चालत गेली. विहीणबाई त्या वेळी तिशीच्या आसपास असतील. त्यांच्या दृष्टीने हा पुस्तकातला इतिहास नव्हे, ऐन उमेदीच्या वयात कानांवर आलेली बातमी आहे.

आज त्याच फोर्सिथ काउंटीत हजारो भारतीय कुटुंबे राहतात. आपल्या मुलाच्या ओळखीची काही माणसे तेथे असतील, तर नवल नाही. त्याला तो रस्ता शनिवारी मित्राकडे जेवायला जाण्याचा रस्ता वाटत असेल, आणि त्याचा अनुभवही खोटा नाही. मात्र त्याच्या अनुभवावरून विहीणबाईंची भीती खोडून काढता येणार नाही, एवढे त्याला आपण आई या नात्याने सांगितले, तर तो ऐकेल असे मला वाटते.

हे आपल्याला समजणे अवघड नाही. १९०१ साली मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमरावांची जात कळताच त्यांना न्यायला एकही गाडीवान तयार होईना, आणि अखेर दुप्पट भाडे घेऊन, शिवाय गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण कबूल झाला. प्रवासात माणसाची जात किंवा वर्ण आधी विचारला जातो आणि पाणी, जेवण, निवारा त्यानंतर ठरतो, हे आपल्या मातीतही घडलेले आहे. अमेरिकेत तर कित्येक गावांच्या वेशीवर, सूर्य मावळण्यापूर्वी कृष्णवर्णीयांनी गाव सोडावे, अशा पाट्या असत. व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कमधील टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून 'ग्रीन बुक' नावाची पुस्तिका काढायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. कोणत्या गावात कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, गाडीत पेट्रोल कोठे भरून देतील, याची ती यादी होती. हॉटेले आणि खाणावळी सर्वांना खुल्या करणारा कायदा १९६४ मध्ये झाला, तोपर्यंत ही पुस्तिका लोकांच्या गाडीत असे. विहीणबाईंचे आईवडील प्रवासाला निघताना घरून जेवण बांधून घेत असतील आणि उजेड असतानाच मुक्कामी पोहोचत असतील, तर ती सवय लेकीकडे आपसूक आली असणार.

म्हणून आग्रह करू नये. आधी सूनबाईंशी एकटीने बोलावे. मुलगा समोर असताना त्यांना नवरा आणि आई यांच्यामध्ये उभे राहावे लागते, आणि त्यांच्या न बोलण्याचे कारण बहुधा तेच आहे. "तुझ्या आईला जेथे मोकळे वाटेल तेथेच आपण जाऊ, गाव त्यांनी निवडावे," असे आपण सरळ म्हणावे. असे म्हटले तरी विहीणबाई घरी थांबणेच पसंत करतील, तर सहलीचा बेत बाजूला ठेवून ते चार दिवस त्यांच्या घरी राहावे.

त्यांनी आपल्यालाच गाव सुचवायला सांगितले, तर माझी पहिली पसंती टेनेसी राज्यातील चॅटनूगाला आहे. अटलांटाहून ते सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. ते निवांत खेडे नाही, टेनेसी नदीच्या काठी डोंगरांच्या कुशीत वसलेले मध्यम आकाराचे शहर आहे, आणि आपल्या प्रसंगी हेच त्याचे बलस्थान आहे. तेथील लोकसंख्येत चौघांमागे एकाहून अधिक माणसे कृष्णवर्णीय आहेत. हॉटेलच्या स्वागतकक्षात, बँकेत, दवाखान्यात, रविवारच्या चर्चमध्ये विहीणबाईंना स्वतःसारखी माणसे दिसतील आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळणार नाहीत. ब्लूज गायिका बेसी स्मिथ याच गावच्या, आणि त्यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र मार्टिन ल्यूथर किंग मार्गावर आहे. लुकआउट माउंटनवर चढणारी उभी रेल्वे १८९५ पासून चालते. वयस्क माणसांना पायपीट न करता माथ्यावर नेणारी ती उत्तम सोय आहे. वॉशिंग्टन येथे ऑगस्ट १९६३ मध्ये केलेल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी ज्या डोंगरांवरून स्वातंत्र्याचा घोष व्हावा असे म्हटले, त्यांत हा लुकआउट माउंटन होता.

या शहराचा इतिहास निर्मळ नाही, पण ते तो लपवत नाही, आणि माझ्या लेखी ही सर्वांत मोठी खूण आहे. नदीवर वॉलनट स्ट्रीटचा जुना लोखंडी पूल आहे. आता तो केवळ पादचाऱ्यांसाठी असून संध्याकाळी लहान मुले, सायकली आणि फिरायला निघालेली म्हातारी माणसे यांनी गजबजलेला असतो. १९ मार्च १९०६ रोजी एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने तुरुंगातून ओढून आणून याच पुलावर फाशी दिले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या शिक्षेला स्थगिती दिलेली असताना हे घडले. त्यावरून त्या न्यायालयाने पुढे तेथील शेरीफवर, म्हणजे पोलीस प्रमुखावर, न्यायालयाच्या अवमानाचा खटला चालवून त्याला तुरुंगात पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला होय. जॉन्सनला दोषी ठरवणारा निकाल २००० साली रद्द झाला आणि २०२१ मध्ये पुलाच्या दक्षिण टोकाशी स्मारक उभे राहिले. त्यात जॉन्सनबरोबर त्याचे दोन कृष्णवर्णीय वकील, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स, यांचेही पुतळे आहेत. जॉन्सनची बाजू मांडल्यामुळे त्या दोघांना शहर सोडावे लागले होते. विहीणबाईंना तेथे जायचे आहे की नाही हे त्यांना आधी विचारावे, आणि त्या गेल्या तर आपण मागे थांबून फोटो काढत बसू नये.

दुसरे नाव नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिलचे. ते अटलांटाहून साडेतीन तासांवर आहे, आणि ब्लू रिज डोंगररांगांचे सौंदर्य तेथे अधिक आहे, यात शंका नाही. शहरातील दर दहा माणसांमागे साधारण एक कृष्णवर्णीय आहे. ईगल स्ट्रीटच्या परिसरात त्या समाजाची जुनी बाजारपेठ होती आणि तेथील वाय.एम.आय. (यंग मेन्स इन्स्टिट्यूट) या १८९३ सालच्या इमारतीत आजही सांस्कृतिक केंद्र चालते. जॉर्ज व्हँडरबिल्ट या धनाढ्य गृहस्थांच्या पैशातून उभी राहिलेली ही इमारत पुढे कृष्णवर्णीय रहिवाशांनी विकत घेतली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर-सुधारणेच्या नावाखाली त्यांच्या वस्त्या मात्र मोडल्या गेल्या. जुलै २०२० मध्ये नगर परिषदेने गुलामगिरी आणि भेदभाव यांतील आपल्या सहभागाबद्दल एकमताने माफी मागून भरपाईचा ठराव केला. ठराव झाला म्हणजे सर्व सुरळीत झाले असे नाही, आणि गेलेल्या वस्त्या काही परत आल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मधील हेलेन वादळाने या भागाची मोठी हानी केली, त्यामुळे ब्लू रिज पार्कवे या डोंगरातील निसर्गरम्य रस्त्याचे कोणते टप्पे खुले आहेत, हे निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे. पानांचे रंग पाहायचे असतील, तर उंचावर ते ऑक्टोबरच्या मध्यास आणि चॅटनूगाकडे महिनाअखेरीस खुलतात.

अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनला आपल्याला एखाद्या दुपारी नेण्याचा विचार मुलाच्या मनात येऊ शकतो, कारण ते अगदी जवळ आहे. त्या कातळावर गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या तीन पुढाऱ्यांचे प्रचंड शिल्प असून कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे पुनरुज्जीवन १९१५ मध्ये त्याच माथ्यावर झाले. विहीणबाई सोबत असतील, त्या दिवशी ते टाळावे.

आता राहण्याच्या जागेविषयी. वस्तीपासून दूरचे लाकडी घर मी या खेपेस घेणार नाही. अंधारात कच्च्या रस्त्यावरून अनोळखी आवारात गाडी घालायची, शेजारी कोण आहे ते ठाऊक नाही, फोनला रेंज नाही, हे विहीणबाईंच्या मनावरचे ओझे वाढवणारे आहे. शहराच्या मध्यभागी, जेथे रात्रभर स्वागतकक्षात माणूस असतो, अशा हॉटेलात शेजारशेजारच्या खोल्या घ्याव्यात. घर भाड्याने घ्यायचेच ठरले, तर कृष्णवर्णीय मालकाचे घर शोधावे, किंवा निदान कृष्णवर्णीय पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय सूनबाईंना वाचायला द्यावेत, कारण त्यांतील काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही हे त्यांना आपल्याहून चांगले कळेल. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाने एअरबीएनबी या घरे भाड्याने देणाऱ्या संकेतस्थळावर केलेली विनंती मान्य होण्याची शक्यता इतरांहून १६ टक्क्यांनी कमी आढळली होती. त्यानंतर कंपनीने नियम बदलले आणि पाहुण्याचा फोटो आता आरक्षण पक्के झाल्यावरच मालकाला दिसतो. तरीही आरक्षण सूनबाईंच्या नावाने करावे, म्हणजे दारात कोण येणार आहे हे मालकाला आधीच ठाऊक असेल आणि ऐनवेळी अवघड प्रसंग येणार नाही. प्रवास दिवसा उजेडी करावा आणि पेट्रोल हमरस्त्यावरच्या मोठ्या थांब्यावर भरावे. मुलाला हे अति वाटले, तरी त्याने ते करावे.

महाबळेश्वरच्या बाबतीत मी तितक्याच गांभीर्याने सांगू इच्छिते, कारण आपल्याकडे सारे आलबेल आहे असे मानायला जागा नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले, ते आपल्याच देशात. महाबळेश्वरला तसे काही होईल असे मी म्हणत नाही. तेथे त्रास होतो तो वेगळ्या प्रकारचा : टक लावून पाहणे, न विचारता फोटो काढणे, सेल्फीसाठी ओढणे, केसांना हात लावणे. पाहणाऱ्याला ते कौतुक वाटते, पण दिवसातून दहा वेळा सोसणाऱ्याला नाही. अशा वेळी विहीणबाईंनी नकार देण्याची वाट न पाहता, आपण किंवा आपल्या पतींनी पुढे होऊन मराठीत, हसतमुखाने पण ठाम शब्दांत "नको, त्या पाहुण्या आहेत," असे म्हणावे. सोलापुरात गड्ड्याच्या गर्दीत आणि आपल्या इमारतीच्या जिन्यातही हीच जबाबदारी आपली आहे. लग्नाच्या वेळी बोललेल्या नातेवाइकांना पाहुणचाराला बोलावण्यापूर्वी एक फोन करून स्पष्ट बजावावे, आणि ज्यांचा भरवसा वाटत नाही त्यांना बोलावू नये.

मुक्कामासाठी महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा पाचगणी बरी. तेथील निवासी शाळांत अनेक देशांची मुले वर्षानुवर्षे शिकत आली आहेत आणि एशिया प्लॅटोसारख्या संमेलन केंद्रात जगभरची माणसे येत असतात, त्यामुळे दुकानदारांना परदेशी पाहुण्यांची सवय आहे. पंढरपूर, म्हसवड, सातारा, वाई असे करत पसरणीचा घाट चढायचा हा प्रवास लांबचा आहे, म्हणून पहाटे निघावे आणि मधल्या एखाद्या चांगल्या हॉटेलातील स्वच्छतागृहाची आधी चौकशी करून ठेवावी. शनिवार-रविवार सोडून सोमवार ते गुरुवार असे दिवस घ्यावेत. परदेशी पाहुण्यांची नोंद २४ तासांच्या आत सरकारकडे पाठवणे हॉटेलवर बंधनकारक आहे. काही लहान लॉज ही कटकट नको म्हणून परदेशी पाहुण्यांना दारातूनच परत पाठवतात, आणि सोबतच्या पाहुण्यांना त्यामागे आपला वर्ण आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून आरक्षण करतानाच फोनवर दोघींचे नागरिकत्व सांगून ही नोंद केली जाते का ते विचारावे, होकार ई-मेलवर लेखी मागून घ्यावा, आणि पारपत्र व व्हिसा यांच्या छायाप्रती आपल्या पिशवीत ठेवाव्यात.