घोडीला रंग लावावा का?

प्रश्न : दत्तजयंतीला आमची पांढरी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेत विकायला नेणार आहोत. पोरांना तिला रंगवायची हौस आहे. होळीचे रंग चालतील का?

उत्तर : नाही, अजिबात नको. घोड्याला माणसासारखाच भरपूर घाम येतो. त्यात रंग विरघळतो, तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) उतरतो आणि खाज सुटते. ऑइल पेंट आणि चमकी तर दूरच ठेवा.

पोरांची हौस मेंदीने भागवा. नुसत्या पानांची मेंदी घ्या. 'काळी मेंदी' मात्र घेऊ नका, तिच्यातल्या रसायनाने कातडी भाजते. आदल्या दिवशी मानेवर बोटभर लावून पाहा. सूज नसेल तर खरारा करून तिच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, चंद्र, फुलं काढा, शेपटीचं टोक रंगवा. डोळे, नाकपुड्या आणि खोगिराची जागा सोडा. ओली मेंदी तिला चाटू देऊ नका. अंगावरची नक्षी थंडी सरताना लव झडेपर्यंत टिकते, शेपटीची त्याहून जास्त.

पण विकायचीच असेल तर मी अंगावर काहीच काढणार नाही. तापीकाठच्या त्या बाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी अंगावरचे केसांचे भोवरे बघतं. कपाळावरचा, मानेवरचा भोवरा रंगाखाली गेला की त्याला वाटतं, खोड लपवली. मग भाव पडतो. त्यापेक्षा आयाळीत लाल-पिवळे लोकरीचे गोंडे गुंफा, गळ्यात घुंगरमाळ घाला, खुरांना खोबरेल चोळा. पांढरी घोडी एवढ्यानेच उठून दिसते. आणि गोंडे रात्री सोडा, नाहीतर ती खांबाला मान घासत बसेल.