मोठ्यांचा कॅटेकिझम कुणी घ्यायचा?

प्रश्न : आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या धर्मग्रामात) रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, मुलांचा कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग होतो, मोठ्यांसाठी काहीच नाही. फादरांना बोलले तर म्हणाले तुम्हीच सुरू करा. मी काही टीचर नाही, बारावी झालेय. आमच्यात कुणी मराठी, कुणी तेलुगू, कुणी तमिळ, दोन-तीन आज्यांना वाचताच येत नाही आणि पुरुष शिफ्टमध्ये अडकलेले. कसं करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, फादरांनी तुम्हाला टाळलं असं मनात आणू नका. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास दृढ करणारा संस्कार) झालं की शिकणं संपलं असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात, पण चर्चचं म्हणणं अगदी उलटं आहे, धर्मशिक्षणाची 1997 ची मार्गदर्शिका तर मोठ्यांचं शिक्षण हेच मुख्य मानते. आणि 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅटेकिस्टचं, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्याचं, काम ही प्रापंचिक माणसांसाठी चर्चची अधिकृत सेवा ठरवली. म्हणजे बारावी झालेली बाई हे करू शकते का, हा प्रश्न मनातून काढूनच टाका.

जाडजूड पुस्तक घेऊन पहिल्या पानापासून सुरू करू नका, तिसऱ्या आठवड्याला कुणी येणार नाही. येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सात वाचतात तो येशूच्या जीवनाचा उतारा, घ्या. एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक आणि मधेमधे, खासकरून पास्काच्या (ईस्टरच्या) दिवसांत, योहान असं ते चक्र चालतं. एकाने सावकाश मराठीतून वाचायचं, मग तेलुगू किंवा तमिळ येणाऱ्याने तेच आपल्या भाषेत वाचायचं, थोडं शांत बसायचं आणि मग ज्याला जे लागलं ते त्याने बोलायचं. वाचता न येणाऱ्या आज्यांची काळजी करू नका, गोव्यात राहिलेले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांमध्ये छापली ती लोक ऐकूनच शिकले, आणि आज्यांना ऐकलेलं आपल्यापेक्षा जास्त लक्षात राहतं हे तुम्हालाच दिसेल.

पण खरा जीव येतो तो लोकांच्या प्रश्नांनी. ते विचारू द्या, अवघड असले तरी. सोलापुरात हमखास येणारा एक सांगते, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, शेजारच्या काकू प्रेमाने प्रसाद आणून देतात, तो घ्यायचा का? कुणी म्हणेल पाप, कुणी म्हणेल काय होतंय, आणि भांडण लागेल. तेव्हा बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8वा आणि 10वा अध्याय उघडा. मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, हाच प्रश्न तिथल्या ख्रिस्ती लोकांना पडला होता. पौल म्हणतो, अन्नामुळे आपण देवाच्या जवळ जात नाही की लांब जात नाही, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, पण दुसऱ्या उपासनेत भागीदार होऊ नका आणि तुमच्या खाण्याने एखाद्याचा विश्वास डळमळत असेल तर त्याच्यासाठी ते सोडा. एवढ्यावर तुमची एक अख्खी बैठक होईल, तरी संपणार नाही! निर्णय तिथेच लावायची घाई करू नका, अडलेले प्रश्न लिहून ठेवा आणि महिन्यातून एकदा फादरांना त्यासाठीच बोलवा.

अजून एक, सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचं काम जुनं, त्यामुळे बऱ्याच घरांत मामा-मावशी प्रोटेस्टंट आहेत आणि घरातलं बायबल त्यांच्याकडून आलेलं असतं. त्यात 66 पुस्तकं असतात, आपल्या कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबीत किंवा मक्काबी ही पुस्तकं कुणाच्या बायबलमध्ये सापडली नाहीत तर वाद नको, आधीच सांगून ठेवा.

बैठक चर्चमध्येच हवी असं काही नाही, वस्तीतल्या एखाद्या घरी संध्याकाळी घ्या आणि शिफ्ट बदलते तसा वार बदला. पाच माणसं आली तरी सुरू करा.

प्रश्न : माझा नवरा कॅथलिक, मी हिंदू. मला त्यांचा धर्म समजून घ्यायचाय पण बाप्तिस्मा घ्यायचा नाहीये. अशा वर्गाला गेले तर माहेरचे म्हणतील धर्म बदलला. जाऊ का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जरूर जा. ऐकायला बसणं म्हणजे होकार नव्हे. चर्चच्या कायद्याप्रमाणे मोठ्या माणसाला बाप्तिस्मा द्यायचा तर त्याने स्वतः तशी इच्छा दाखवावी लागते, त्याला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं लागतं, आणि ती तयारी टप्प्याटप्प्याने बरेच महिने चालून बहुतेक वेळा पास्काच्या रात्री संस्कार होतो, नकळत काही होत नाही. मिस्साला बसाल तेव्हा ख्रिस्तप्रसाद (तिथे देतात ती पवित्र भाकर) मात्र घेता येणार नाही, तो बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, त्यात तुमचा अपमान नाही. पहिल्याच दिवशी फादरांना स्पष्ट सांगा की मी समजून घ्यायला आलेय, आणि माहेरीही हेच शब्द सांगा, हवं तर आईला एकदा सोबत घेऊन जा.