रेल किटऐवजी लोकल एल-अँगल लावून २यू सर्व्हर रॅकमध्ये बसवला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड डेल आर७३० हा २यू (रॅकच्या दोन खणांइतका उंच) सर्व्हर घेतला, विकणाऱ्याने रेल (सर्व्हर ड्रॉवरसारखा पुढे ओढता यावा म्हणून लावायच्या सरकत्या पट्ट्या) दिल्या नाहीत, नव्या फार महाग सांगतात, रॅक ८०० मिमी खोल आहे आणि ओळखीचा फॅब्रिकेटर अँगल करून द्यायला तयार आहे.

चालेल. मी असतो तर केलं नसतं. का, ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, कारण "रेलमध्ये कशाला पैसे घालायचे" हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं फिरतं आणि त्याला कारण आहे.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सर्व्हर, यूपीएस, नेटवर्क बसवायचं काम करतो. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, साखर कारखाने, कॉलेजं, दवाखाने. एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात तीन २यू सर्व्हर बसवायचे होते. माझ्या कोटेशनमध्ये सर्व्हरच्या खाली वेगळी ओळ होती : स्लायडिंग रेल किट, ३ नग. तिथे खरेदी बघणारे जे साहेब होते, ते कोटेशन नेहमी खालून वर वाचायचे. कापण्याजोगं सगळं शेवटच्या चार ओळींत असतं, असा त्यांचा हिशेब. त्यांनी रेलवर लाल रेघ ओढली.

म्हटलं, "साहेब, मग बसवायचे कशावर?"

"रॅकबरोबर ट्रे आलाय की. त्यावर ठेवा."

"एका ट्रेवर तीन?"

"एकावर एक ठेवा. सर्व्हर काय रोज बाहेर ओढायचाय का?"

लाखांच्या मालात काही हजार वाचवल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. मी वाद घातला, तो हरलो, आणि ओट्यावर डबे रचावेत तसे तीन सर्व्हर एकावर एक रचले. खाली बॅकअपचा, मधे डेटाबेसचा, वर ॲप्लिकेशनचा. पुढचे कान, म्हणजे सर्व्हरच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना असलेल्या पट्ट्या, रॅकच्या खांबांना स्क्रूने आवळले. पण चलनावर मी शेरा मारला : "रेल किट ग्राहकाच्या सूचनेवरून वगळले. सर्व्हर एकावर एक ठेवले आहेत. दुरुस्तीच्या वेळी वरचे सर्व्हर बंद करून उतरवावे लागतील." साहेबांनी न वाचता सही केली, शिक्का मारला. त्या चलनाची कार्बन कॉपी माझ्याकडे अजून आहे.

पुढे बरेच दिवस काहीच झालं नाही. असल्या कामात हेच वाईट असतं. लगेच काही बिघडलं असतं तर साहेबांना तेव्हाच कळलं असतं.

बिघडलं ते ३१ मार्चला. सहकारातल्या माणसाला या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. दुपारी फोन आला की सर्व्हर रूममधून विमान उडाल्यासारखा आवाज येतोय. मधल्या सर्व्हरचा एक पंखा बंद पडला होता. २यू सर्व्हरमध्ये एक पंखा गेला की बाकीचे पूर्ण वेगाने फिरून त्याची भरपाई करतात, तो हा आवाज. पंखा छोटासा. चालू सर्व्हरमधून काढून दुसरा बसवता येतो, तशीच सोय असते. फक्त तो पुढच्या डिस्कच्या मागे, वरच्या झाकणाखाली असतो. रेल असती तर सर्व्हर चालू ठेवूनच पुढे ओढला असता, झाकण सरकवलं असतं, पंखा बदलला असता आणि परत आत ढकलला असता. मागच्या केबलला तेवढी ढील ठेवलेली असली की झालं. खाली कुणाला पत्ताही लागला नसता.

इथे त्या झाकणावर डिस्कने भरलेला दुसरा सर्व्हर बसला होता, म्हणजे २५-३० किलो वजन. तो उतरवायचा तर बंद करायचा. तो बंद केला की काउंटर बंद. वर्षअखेरीची कामं अर्धी झालेली, शाखांमधून फोनावर फोन. मॅनेजर म्हणाले, रात्रीपर्यंत हात लावू नका. एसी १८ वर ठेवला, दार लावून घेतलं, आणि मी संध्याकाळभर बाहेरच्या बाकावर बसून तापमानाचा आकडा बघत राहिलो.

रात्री सगळं उरकल्यावर वरचा सर्व्हर काढायला घेतला. तिथे आणखी एक गंमत. ट्रे मधोमध थोडा वाकला होता, त्यामुळे थप्पी खाली बसली होती आणि वरच्या सर्व्हरचं वजन अर्धं थप्पीवर, अर्धं पुढच्या कानांवर आलं होतं. डाव्या बाजूचा कान वाकलेला. हे कान सर्व्हर पुढे सरकू नये म्हणून असतात, वजन पेलायला नाहीत. दोघांनी धरून तो खाली घेतला. मग मधल्याचं झाकण उघडेना. इतके दिवस वजनाखाली राहून पत्रा दबला होता, लॅच उचलली तरी झाकण मागे सरकत नव्हतं. शेवटी पेचकसाने उचकटलं. पंखा बदलायला लागला एक मिनिट.

पुढच्या आठवड्यात संचालकांच्या बैठकीत खरेदीवाल्या साहेबांनी काय सांगितलं असेल? "सर्व्हिस ढिली आहे. एक पंखा बदलायला रात्र घालवली." मला बोलावलं होतं. मी काही बोललो नाही, चलनाची कॉपी टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी शेरा मोठ्याने वाचला. रेलची ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली. साहेब अजून भेटले की म्हणतात, "पण तोपर्यंत चाललंच होतं ना?" त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला आजवर तोंडावर जमलेलं नाही, म्हणून इथे लिहितो : साहेब, रेल सर्व्हर ठेवण्यासाठी नसतेच, ठेवायला ट्रे पुरतो. रेल उघडण्यासाठी असते. जो दिवस उघडायचा, त्या दिवसासाठीच ते पैसे असतात.

आता तुमचा अँगल.

फॅब्रिकेटर "मजबूत ३ एमएम टाकतो" म्हणेल. तिथेच पहिली अडचण. १यू म्हणजे ४४.४५ मिमी, २यू म्हणजे ८८.९. सर्व्हरची उंची ८७ मिमीच्या आसपास. म्हणजे वर-खाली मिळून जेमतेम दीड-दोन मिमी जागा राहते. त्यात सर्व्हरखाली ३ मिमी पत्रा आला की सर्व्हर वर उचलला जातो, पुढचे कान भोकांसमोर येत नाहीत आणि वरच्या यूमध्ये तो घुसतो. पातळ पत्रा घेतला, म्हणजे १६ गेज (गेजचा आकडा कमी तेवढा पत्रा जाड), तर साधा एल मधे झोल खातो. कंपनीच्या रेल पातळ पत्र्याच्या असूनही वाकत नाहीत, कारण त्या पत्र्याला दोन-तीन घड्या घातलेल्या असतात. त्यामुळे अँगल करायचाच असेल तर १४ गेजचा करा, सर्व्हरच्या वर १यू रिकामा सोडा आणि तिथे ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे रिकामी जागा झाकायची पट्टी, लावा, नाहीतर मागची गरम हवा फिरून पुढे येते.

रुंदीतही हीच रडकथा. १९ इंची रॅकमध्ये दोन खांबांमधली मोकळी जागा ४५० मिमी, आणि सर्व्हर साधारण ४४० च्या पुढे. अँगलची उभी बाजू या मोकळ्या जागेत आली तर सर्व्हर आत जातच नाही. ती खांबाच्या पट्टीच्या मागे, बाहेरच्या अंगाला गेली पाहिजे आणि फक्त आडवी बाजू सर्व्हरखाली यायला हवी. हे फॅब्रिकेटरला चित्र काढून दाखवा. तोंडी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात कपाटाच्या फळीसारखं उतरतं.

आणि भोकं. इथे मी चांगल्या चांगल्या कारागिरांना फसताना पाहिलंय. टेप लावून ते समान अंतरावर भोकं मारतात. रॅकची भोकं समान अंतरावर नसतात. ईआयए-३१० या रॅकच्या मापांच्या मानकाप्रमाणे एका यूमध्ये तीन भोकं, त्यांच्या मध्यांमधलं अंतर १५.९ आणि १५.९ मिमी, आणि पुढच्या यूच्या पहिल्या भोकापर्यंत १२.७. यूची हद्द त्या १२.७ वाल्या जोडीच्या बरोबर मधे असते. आडव्या दिशेने डाव्या भोकापासून उजव्या भोकापर्यंत ४६५ मिमी. अँगलला दोन भोकं पुढे, दोन मागे एवढीच लागतात, त्यामुळे टेपने मोजण्यापेक्षा रॅकचाच एक खांब समोर धरून खूण करायला सांगा. चौकोनी भोकं असतील तर एम६ केज नट, म्हणजे भोकात अडकवायचे पिंजऱ्यातले नट. आणि मागच्या बाजूला लांबट स्लॉट ठेवा, कारण लोकल रॅकचे मागचे खांब पुढच्यांशी काटकोनात आहेत असं समजून चालू नका.

एवढं सगळं करून तुम्हाला काय मिळेल? सर्व्हर ठेवायला दोन पट्ट्या. ओढता येणार नाही. पुढे ओढलात तर अर्ध्यावर येऊन तो हातात पडेल, कारण अँगलला अडवणी नसते.

त्यापेक्षा हे करा : आर७३० च्या रेल शोधू नका, आर७२० च्या शोधा. डेलच्या या दोन्ही मॉडेलना त्याच स्लायडिंग रेल बसतात. आर७२० भंगारात भरपूर निघालेत आणि रेल बहुतेक वेळा रॅकलाच लटकत राहतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात जुना आयटी माल विकणाऱ्यांकडे विचारा. घेताना एकच बघा : रेलचे दोन भाग असतात. बाहेरचा रॅकला लागतो, आतला सर्व्हरच्या अंगाला. विकणारे नेमका आतला भाग विसरतात, कारण तो जुन्या सर्व्हरबरोबर कुठेतरी गेलेला असतो. आधी तुमच्या सर्व्हरच्या बाजूला हात लावून बघा, आतल्या पट्ट्या अजून लागलेल्या असतील तर निम्मं काम झालं. डावी-उजवी जोडी आहे का तेही पाहा, दोन डाव्या घेऊन आलेला माणूस मी पाहिलाय.

जे लोक नवीन सर्व्हर घेणार आहेत आणि हे वाचतायत, त्यांना आणि माझ्या धंदाभावांना सांगतो : कोटेशनमध्ये रेलची वेगळी ओळ लिहूच नका. सर्व्हरच्या वर्णनात "स्लायडिंग रेलसहित" लिहा आणि किंमत एकच द्या. वेगळी ओळ दिसली की कुणीतरी लाल पेन काढतोच. सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर कधी कुणी रेघ मारत नाही, कारण तो वेगळा लिहिलेला नसतो. खरेदीचं धोरण असं चालतं, आणि ते बदलायच्या नादात मी आयुष्यातली पुष्कळ हवा वाया घालवली आहे.

रेलचा आग्रह सगळ्याला नाही. स्विच, राउटर, पॅच पॅनेल, आखूड १यू फायरवॉल ही पुढच्या दोन कानांवर आरामात बसतात. त्यांच्या रेलला पैसे मागणारा विक्रेता तुम्हाला गंडवतोय. घरी शिकण्यासाठी एकच सर्व्हर असेल आणि तो बंद केल्याने कुणाचं काही अडत नसेल, तर चार खांबांना लागणारा पूर्ण खोलीचा ट्रे घ्या आणि झोपा शांत. अर्धा ट्रे, जो फक्त पुढे अडकतो, तो नको. तो मॉडेमसाठी असतो.

आणि हो, तुमचा रॅक. हे खरं तर सुरुवातीला सांगायला हवं होतं. ८०० मिमी खोल रॅकमध्ये आर७३० नीट बसणं अवघड आहे, अँगल लावा नाहीतर रेल. सर्व्हर स्वतः ७०० मिमीच्या आसपास, मागे पॉवर सप्लायच्या मुठी, त्यामागे केबलचा बाक. ८०० हे बाहेरून बाहेर मोजलेलं असतं, त्यातून पुढच्या दारामागची जागा वजा करा. मागचं दार लागणार नाही. स्लायडिंग रेलही ७०० मिमीच्या वर लांब असते, ती मागच्या खांबाच्या बरीच बाहेर येईल आणि कदाचित पीडीयूला, म्हणजे रॅकमधल्या वीज-सॉकेटच्या पट्टीला, धडकेल. अशा सर्व्हरला १००० मिमीचा रॅक कमीत कमी. मागचं दार काढून ठेवायची तयारी असेल आणि खोलीत उंदीर नसतील, तर ८०० मध्येही निभावता येईल.

रॅक जवळजवळ रिकामा असेल तर सर्व्हर खालच्या यूमध्येच बसवा, आणि पहिल्यांदा बाहेर ओढायच्या आधी रॅक जमिनीला बोल्ट करा किंवा पुढचा आधाराचा पाय बाहेर काढा. वर एकच जड सर्व्हर असलेला रिकामा रॅक तो ओढल्याबरोबर पुढे कलंडतो.

पुढच्या खांबाच्या पुढच्या कडेपासून मागच्या खांबाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर आतून मोजा आणि सांगा. ते कळल्याशिवाय रेलचे पैसे कुणाला देऊ नका.