आईच्या दुधात पुडी कशाला?

प्रश्न: लेकीचं बाळ तिसाव्या आठवड्यातच झालं, वजन १२५० ग्रॅम. रत्नागिरीला पेटीत ठेवलंय. लेक दूध काढून देते, सिस्टर त्यात कसलीशी पुडी मिसळतात. लेकीचं दूध कसदार नाही का? अळिवाचे लाडू घातले तर पुडी बंद होईल?
– एक आजी, गुहागर

उत्तर: आजी, लेकीच्या दुधात काही खोट नाही. बाळ लवकर आलंय, एवढंच. हापूस कोवळा उतरवला की आढीत जास्त जपावा लागतो ना, तसं.

हाडांसाठीचं कॅल्शियम आणि फॉस्फरस बाळ मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून घेतं. ते राहून गेलं. शिवाय एवढ्याशा जिवाला किलोमागे रोज साडेतीन-चार ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुमच्या नातवंडाला साडेचार-पाच. दिवसभरात १९० मिली दूध पोटात गेलं, तरी त्यातून जेमतेम दोन-अडीच ग्रॅम मिळतात. जास्त पाजावं तर पोट इवलंसं. म्हणून त्याच दुधात प्रथिनं, क्षार आणि थोडी ऊर्जा घालतात. दूध आईचंच राहतं, आणि आतड्याच्या गंभीर आजारापासून जपायला तेच हवं.

लाडू लेकीला खुशाल द्या, पण त्यांनी ही तूट भरणार नाही. बाळाला मात्र मध, गुटी काही चाटवू नका. माझ्याच आईला हे पटवताना मी थकलो होतो! पुडी मापातच पडते, घरी अंदाजाने मिसळू नका. किलोमागे रोज १५-२० ग्रॅम वजन वाढतंय का, ते सिस्टरना विचारा. पुडी कधी थांबवायची, ते त्यावरून डॉक्टर ठरवतील.